मुक्ताबाईचे मांडे आणि भिवंडीची भट्टी

इंग्रजी पुस्तकबाजारात गेल्या काही वर्षांत ‘कोझी फँटसी’ या नावाने जो कथाप्रकार स्थिरावला, त्याला मराठीत ‘उबदार अद्भुतकथा’ म्हणता येईल. या कथांमध्ये जादू असते, परंतु तिच्यावर राज्य तोललेले नसते. संकट आले तरी ते दुकान चालेल की नाही, शेजारी नवख्याला आपला मानतील की नाही, अबोल माणूस मनातले बोलेल की नाही, एवढ्याच परिघातले असते, आणि त्याचे निवारण शस्त्राने होण्याऐवजी एखाद्या पदार्थाने, आपुलकीने किंवा नुसत्या सहवासाने होते. हा प्रकार बहुधा लघुकादंबरीच्या, म्हणजे एक-दोन बैठकांत वाचून होणाऱ्या कादंबरीच्या, आकारात रमतो आणि त्यात हलक्या पावलांनी येणारी प्रेमकथा जवळजवळ गृहीत धरलेली असते. अशा कथांचा लाडका नायक किंवा नायिका म्हणजे जादूचा हात असलेला बेकरीवाला. टी. किंगफिशर यांच्या ‘अ विझर्ड्स गाईड टू डिफेन्सिव्ह बेकिंग’ (२०२०) या कादंबरीतील चौदा वर्षांच्या मुलीची सारी जादू पिठापुरती मर्यादित आहे आणि तिचे आंबवण तळघरातील एका भांड्यात पाळीव प्राण्यासारखे जगते. ट्रॅव्हिस बाल्ड्री यांच्या ‘लेजेंड्स अँड लॅट्स’ (२०२२) मध्ये लढाईला कंटाळलेली राक्षसकुळातील एक योद्धी कॉफीचे दुकान काढते, दालचिनीचे रोल भाजणाऱ्या एका लाजाळू कारागिराच्या हातगुणावर ते दुकान उभे राहते आणि तिथेच तिला जिवाचे माणूस सापडते. त्याआधीही एइको कादोनो यांची जपानी चेटकीण किकी (१९८५) परक्या गावात आसरा शोधते तो एका बेकरीतच, आणि लॉरा एस्किव्हेल यांच्या मेक्सिकन कादंबरीत (१९८९) लग्नाच्या केकच्या मिश्रणात पडलेले नायिकेचे अश्रू सगळ्या पाहुण्यांना रडवतात.

या पार्श्वभूमीवर विचारण्याजोगा प्रश्न असा की मराठीत हा कथाप्रकार कुठे आहे, आणि नसेल तर त्याचे नेमके कोणते अंग उणे आहे. ‘मराठीला अद्भुताचे वावडे आहे’ हे उत्तर सर्रास दिले जाते, पण पुराव्यापुढे ते टिकत नाही. जादूचे अन्न, आणि त्या अन्नातून ओळखले जाणारे प्रेम, या दोन्ही गोष्टी मराठी मुलखाच्या कथासंचितात फार जुन्या आहेत. उणे आहे ते दुकान. ज्याचा पदार्थ कोणीही, कोणत्याही जातीचा वा धर्माचा माणूस, पैसे मोजून घेऊ शकतो असा अन्नविक्रेता मराठी अद्भुतकथेच्या मध्यभागी आलेला नाही, आणि त्याची कारणे वाङ्मयीन असण्यापेक्षा सामाजिक आहेत.

प्रेमकथेपासून आरंभ केला तर पहिला दाखला विदर्भातला मिळतो. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला जे नलोपाख्यान सांगतात, त्याची नायिका दमयंती ही कुंडिनपूरच्या भीमराजाची मुलगी, आणि परंपरा हे कुंडिनपूर अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी असलेल्या कौंडिण्यपूरशी जोडते. स्वयंवरात हरलेले देव नलाला वर देऊन जातात. त्यांत यमाने दिलेला वर अन्नरसाचा, म्हणजे स्वयंपाकातील सिद्धीचा आहे, आणि अग्नी व वरुण यांच्या वरांमुळे नलाला हवे तिथे विस्तव आणि हवे तिथे पाणी मिळते. पुढे द्यूतात राज्य गमावलेला आणि कर्कोटक नागाच्या दंशाने रूप पालटलेला हाच नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे अश्वविद्या आणि पाककला यांच्या बळावर चाकरी करतो. त्याचा माग लागल्यावर दमयंती केशिनी नावाच्या दासीला त्याच्यावर नजर ठेवायला पाठवते, तेव्हा त्याने पाहताच रिकामे घडे भरतात, मूठभर गवत उन्हात धरताच पेटते, विस्तवाला हात लावूनही त्याचा हात भाजत नाही आणि कुस्करलेली फुले अधिक टवटवीत होतात, असे ती येऊन सांगते. एवढ्या नवलांनीही दमयंतीची खात्री पटत नाही. ती बाहुकाने शिजवलेले मांस गुपचूप मागवते, चाखते, आणि चव ओळखीची निघताच तिचा बांध फुटतो. चेहरा फसवू शकतो, देवही नलाचे रूप घेऊ शकतात, मात्र हाताची चव उसनी घेता येत नाही, हे या प्रसंगाचे मर्म आहे. आज जिला उबदार अद्भुतकथा म्हणतात तिचा सारा प्राण या एका घासात आहे. ‘नलपाक’ हा शब्द उत्तम स्वयंपाकासाठी रूढ झाला, नलाच्या नावावर ‘पाकदर्पण’ हा संस्कृत ग्रंथही दाखवला जातो, आणि तरीही मराठी रसिकांच्या मनावर ठसला तो रघुनाथपंडितांच्या आख्यानकाव्यातील हंस. पकडला गेलेला तो पक्षी आणि नंतर त्याने केलेली दूतगिरी पिढ्यान्पिढ्या पाठ्यपुस्तकांतून शिकवली गेली. केशिनीने पाहिलेले स्वयंपाकघर मात्र त्या मानाने अंधारातच राहिले, ही हळहळ वाटावी अशी निवड आहे.

दुसरा दाखला आळंदीचा, आणि तो भाजण्याच्या कलेशी थेट जोडलेला आहे. मांडा हा गव्हाच्या मऊ कणकेचा, हातांवर झुलवत पातळ केलेला आणि उपड्या मातीच्या भांड्यावर, म्हणजे खापरावर, भाजलेला पदार्थ होय; बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मंडक’ या नावाने त्याचे वर्णन आले आहे. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले म्हणून मुक्ताबाई खापर आणायला निघाली, पण या संन्याशाच्या पोरांना वाळीत टाकलेले असल्याने विसोबा चाटी यांनी कुंभारांना खापर देऊ दिले नाही. हिरमुसून परतलेल्या बहिणीला पाहून ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रदीप्त केला, त्यांची पाठ तापून लाल झाली आणि मुक्ताबाईने त्या पाठीवर मांडे भाजले, अशी ही आख्यायिका आहे. महीपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथाने आणि नंतर कीर्तनकारांनी ती घरोघरी नेली. चमत्काराची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, परंतु तिची बांधणी पाहिली तर ती अत्यंत घरगुती आहे: भावाला काहीतरी खावेसे वाटणे, शेजाऱ्याने साधन अडवणे, दुसऱ्या भावाने स्वतःचे शरीर चूल म्हणून देणे, आणि अखेरीस अडवणारा विसोबाच उरलेले उष्टे अन्न प्रसाद म्हणून खाऊन पालटणे. कोणी मरत नाही, कोणाला शाप मिळत नाही. वैरी जेवतो आणि शिष्य होतो. उबदार अद्भुतकथेचा याहून नेटका नमुना जगाच्या कोणत्याही भाषेत मिळणे अवघड आहे. ‘मनातले मांडे’ हा वाक्प्रचार केवळ पोकळ मनोराज्यासाठी वापरला जातो, पण ज्या संस्कृतीने कल्पनेच्या खेळाला नेमके एका भाजलेल्या पदार्थाचे नाव दिले, तिला या प्रकाराचे बीज परके मानता येणार नाही.

या दोन मोठ्या कथांच्या खाली श्रावणातल्या कहाण्यांचा थर आहे. खुलभर दुधाच्या कहाणीत राजा नगरातले सारे दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओतवतो आणि तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी मुलाबाळांना, सुनांना, वासरांना पोटभर देऊन उरलेले खुलभर दूध आणते आणि गाभारा भरून वाहतो. ठाणे आणि पालघर भागांतील वारल्यांच्या परंपरेत कणसरी ही धान्याची देवता आहे आणि तिची कथा घांगळीच्या साथीवर गायली जाते, तेव्हा दाण्यात देवत्व पाहणारी ही दृष्टी, जिच्याकडे पुढे वळायचे आहे त्या भिवंडीच्या वेशीपाशीच नांदते आहे. या सर्व सामग्रीचे एक लक्षण ध्यानात घ्यावे लागते: तिच्यातले अन्न दिले जाते, वाढले जाते, नैवेद्य म्हणून दाखवले जाते, मात्र विकले जात नाही.

छापील कादंबरीचा काळ आला तेव्हा अद्भुत आणि प्रेम यांची जोडी फुटलेली नव्हती. हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या आरंभीच्या कादंबऱ्या योगायोग, विरह आणि नवलाईच्या घटनांवर पोसलेल्या होत्या. त्यांत अन्नाला स्थान नव्हते, कारण राजपुत्र आणि राजकन्या यांच्या कथेत चूल फुंकणारे कोणी नसते. १८८५ पासून हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबरीने वास्तवाची जी कसोटी लावली तिच्यापुढे ही परंपरा ओसरली, आणि नंतर अद्भुताची वाटणी झाली. भय नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथेकडे गेले, गहन रूपकात्मक अंग जी. ए. कुलकर्णी यांच्याकडे गेले आणि खेळकर अंग मुलांच्या रंगभूमीकडे गेले, जिथे मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’मधील चेटकीण पिढ्यांना हसवत राहिली. प्रौढ वाचकासाठी सौम्य, दिलासा देणारी जादू या वाटणीत कोणाच्याच वाट्याला आली नाही. अलीकडच्या काळात या रिकाम्या जागेच्या सर्वांत जवळ पोचलेली कृती चित्रपट आहे: सचिन कुंडलकर यांच्या ‘गुलाबजाम’ (२०१८) मध्ये लंडनची नोकरी सोडून आलेला तरुण पुण्यातील एका एकाकी, आयुष्याची काही वर्षे हरवून बसलेल्या स्त्रीकडे स्वयंपाक शिकतो, आणि त्या दोघांमधील नात्याला नाव देण्याची घाई चित्रपट करत नाही. त्यात जादू नाही, परंतु पदार्थाने माणूस जागा होतो ही श्रद्धा पुरेपूर आहे.

दुकान का आले नाही, याचे उत्तर सोवळ्यात आहे. सोवळे म्हणजे अन्न कोणी, कोणत्या अवस्थेत, कोणत्या वस्त्रात शिजवले यावर त्याची ग्राह्यता ठरवणारी व्यवस्था. लिहित्या-वाचत्या उच्चवर्णीय घरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती कडक होती आणि मराठी कादंबरी प्रामुख्याने त्याच घरांतून लिहिली गेली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये छापले गेले, म्हणजे पाककृती छापायला हरकत नव्हती. हरकत होती ती परक्या हाताच्या भाजलेल्या अन्नाला, आणि पाव तर त्या परकेपणाची खूणच ठरला होता. पोर्तुगीज भाषेतील ‘पांव’ या उच्चाराच्या शब्दावरून आलेला हा पदार्थ गोवा आणि वसई या मार्गांनी आला, सुरुवातीला तो माडीने फुगवला जाई, आणि गोव्यात तो करणाऱ्याला आजही ‘पोदेर’ म्हणतात. १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या वसईच्या परिसरात विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा लोकस्मृतीत दीर्घकाळ राहिल्या. त्यांतील तपशील इतिहासाच्या कसोटीवर कितपत उतरतात हा वेगळा प्रश्न, मात्र ज्या पदार्थाच्या स्पर्शाने अख्खे गाव धर्माबाहेर जाते असे मानले गेले तो पदार्थ मराठी मनात आधीच जादूचा होता, फक्त ती जादू भयाची होती. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातबहिष्काराच्या वादाला, सामोरे जावे लागले; एका कपाची ही किंमत असलेल्या समाजात बेकरीच्या दारात जुळलेले प्रेम कादंबरीकाराला सुचणे कठीणच होते. पुढे इराणी हॉटेलांतला ब्रून-मस्का, वडापाव आणि मिसळपाव यांनी पावाला मराठी करून टाकले, इतके की आज त्याचे परकेपण आठवावे लागते. पाव घरचा झाला, पण पाव भाजणारा गोष्टीत आला नाही.

भिवंडीचा संबंध नेमका इथे येतो. वसईची खाडी आणि उल्हास नदीचा मुलूख यांच्या कडेला, कामवारी नदीकाठी वसलेले हे गाव आज यंत्रमाग आणि गोदामे यांमुळे ओळखले जाते, आणि महापालिकेचे ‘भिवंडी-निजामपूर’ हे जोडनावही त्याच्या मिश्र इतिहासाची साक्ष देते. जुने कोकणी मुसलमान, भूमिपुत्र आगरी आणि कोळी, तालुक्यातील वारली आणि कातकरी, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली, असे लोक इथे मागाच्या आवाजाभोवती एकत्र आले. यंत्रमाग रात्रपाळीत चालतो. ज्या कामगाराचे कुटुंब गावी आहे त्याला पहाटे चार वाजता मिळणारे गरम अन्न म्हणजे चहा आणि पाव, आणि तो पाव भाजणारा माणूसही त्याच्यासारखाच रात्रभर जागलेला असतो. आगऱ्याच्या घरी तांदळाची भाकरी होते, तेलुगू विणकराच्या घरी भात शिजतो, मोमीन मोहल्ल्यात रमजानच्या संध्याकाळी नान, शीरमाल लागते. परंतु लादीपाव, खारी, टोस्ट आणि नानकटाई या तिन्ही घरांत जाते. एकमेकांच्या चुलीवरचे न खाणारेही एकाच भट्टीतले खातात, ही गोष्ट या शहराच्या बाबतीत साधी मानता येत नाही. आळंदीच्या गोष्टीत विसोबाने खापर अडवले आणि अखेरीस तोच मांडा खाल्ला. भिवंडीच्या भट्टीवर अडवण्याचा प्रसंगच येत नाही, कारण तिथे जो पैसे देईल त्याला लादी मिळते. दुकानाची ही समदृष्टी मराठी अद्भुतकथेने अजून आपली सामग्री म्हणून ओळखलेली नाही.

अशा कथेपुढची खरी अडचण प्रेमाची आहे. १९७० आणि १९८४ या दोन वर्षांच्या दंगलींमुळे भिवंडीचे नाव देशभर दुःखाने घेतले गेले, आणि या शहरात घडणारी दिलाशाची गोष्ट त्या जखमेवरून नजर फिरवून लिहिली गेली तर ती खोटी ठरेल. उबदार अद्भुतकथेवर एरवीही असा आक्षेप घेतला जातो की ती जगाकडे पाठ करून बसते. या आक्षेपात तथ्य आहे, विशेषतः जिथे लेखक दुकानाच्या बाहेरच्या रस्त्याला नावच देत नाही तिथे. मात्र कथाप्रकाराच्या मुळाशी तो दोष नाही. १९८४ नंतर काही वर्षांनी पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या बांधल्या, ज्यांत हिंदू आणि मुसलमान या दोन्ही समाजांतील सामान्य माणसे, टपरीवाले, मागवाले, एका सतरंजीवर बसून नळ, गटार आणि भांडणे यांविषयी बोलत, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. मोठ्या विद्वेषाला छोट्या परिचयाने उत्तर देण्याची ही रीत म्हणजे या कथाप्रकाराचे मूळ गृहीतकच होय, आणि ते इथे प्रत्यक्षात उतरले आहे. पद्मशाली घरातली मुलगी आणि बेकरीवाल्याचा मुलगा यांची गोष्ट लिहिणाऱ्याने त्यांच्या वाटेतले अडथळे राक्षसाला देऊन टाकू नयेत. ते काका, मामा, मालक आणि शेजारी यांच्याकडेच राहू द्यावेत, कारण पाव तेच खातात.

जादू कुठून आणायची हा प्रश्न मात्र सोपा आहे, कारण भट्टी ती स्वतःच पुरवते. खमीर, म्हणजे पीठ फुगवणारे आंबवण, हा सूक्ष्मजीवांचा समूह असतो. पिठातील साखर खाऊन तो जो वायू सोडतो तो मैद्याच्या चिवट जाळ्यात अडकतो आणि पीठ श्वास घेतल्यासारखे वर येते. थोडे जुने पीठ राखून नव्यात मिसळायचे ही रीत विरजणासारखीच आहे, आणि ज्या समाजात विरजण शेजारणीकडून वाटीभर मागून आणले जाते तिथे कोणाच्या तरी आजोबांचे खमीर दुसऱ्या मोहल्ल्यात जिवंत असणे ही कल्पना वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. लाकडाची जुनी भट्टी विटांच्या घुमटाची असते; आत जाळ करून विटा तापवायच्या, निखारे बाजूला सारून राख झाडायची आणि साठलेल्या उष्णतेवर भाजायचे, असा तिचा क्रम आहे. पहिल्या कडक आचेला लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पाव आत जातो, आच उतरू लागली की खारी, त्याहून मंद झाल्यावर नानकटाई, आणि शेवटच्या कोमट उबेवर, तासन्तास, आधी एकदा भाजलेल्या पावाचे काप टोस्ट होण्यासाठी ठेवले जातात. अनुभवी कारागीर हात आत धरून किती वेळ सोसवतो यावरून आच ओळखतो. विस्तवाला हात लावूनही न भाजलेल्या बाहुकाचा तो दूरचा नातलग आहे.

ही भट्टीही आता संक्रमणात आहे. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणासंबंधीच्या प्रकरणात, लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळावे असे निर्देश दिले, आणि महानगरातील बेकरीवाल्यांसमोर खर्चाचा, जागेचा आणि चवीचा असा तिहेरी प्रश्न उभा राहिला. धुराने ज्यांची छाती भरते त्यात भट्टीपाशी उभा असलेला कारागीर पहिला असल्यामुळे, या बदलाला केवळ चवीच्या नावाने विरोध करणे न्यायाचे होणार नाही. तथापि गॅसच्या भट्टीत आच हवी तेवढी आणि हवी तेव्हा ठेवता येते, म्हणून तिथे पावानंतर खारी, खारीनंतर नानकटाई आणि सगळ्यांत शेवटी टोस्ट ही उतरती रात्र उरत नाही. भिवंडीच्या बेकरीवाल्याची कथा जो कोणी लिहील, त्याला पहिल्याच पानावर ठरवावे लागेल की त्याच्या नायकाची रात्र कोणत्या भट्टीपाशी जाते, आणि विटांच्या घुमटातल्या त्या अखेरच्या कोमट उबेवर पहाटे कोणाचा पाव अजून ठेवलेला आहे.